किडनीच्या कागदांची झेरॉक्स

यवतमाळला तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला कागद वाचल्याशिवाय मशीनवर ठेवत नसे. कापसाचे भाव कोसळलेल्या त्या वर्षांत त्याच्यापुढे सात-बाऱ्यांची रांग असे, तरी तो प्रत्येक उतारा वाची. माझी मार्कशीट पाहून तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "इंग्रजीत पंच्याऐंशी अन् मराठीत काठावर? घरी कोनत्या भाषेत जेवता, ताई?" तेव्हापासून मी त्याला कागद पालथे देत असे.

बाबांना आई किडनी देणार होती. नागपूरच्या दवाखान्यातल्या समितीला तिच्या संमतिपत्राच्या चार प्रती हव्या होत्या. आई शेजारीच उभी होती. मी कागद पालथा दिला. त्यानं तो सुलटा करून शेवटपर्यंत वाचला आणि मशीन बंद केलं.

"काकू, तुमच्या मनानं देऊन राह्यल्या ना?"

रांग कुरकुरली. तो थांबून राहिला. घरात हे आईला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"भीती वाटते," आई म्हणाली. "पण देते मनानंच."

"मंग काढतो," म्हणत त्यानं मशीन सुरू केलं.

पुढे मी त्याला कागद सुलटेच देऊ लागले.