मंगळवारची ओली साडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे — आणि अर्धं ठाऊक असणं म्हणजे काहीच ठाऊक नसणं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ना माझ्या सासरचे, ना माहेरचे.

आधी चांगलं सांगते. ते सांगायला मला आजही आवडतं. मी जिंकले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत, औषधं आहेत, धीर धरायचा. मी धरला. गोळ्यांनी मळमळायचं, तोंडभर पुटकुळ्या, सुयांनी दंड निळे — आणि सव्वा वर्षानं एक दिवस बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, ठोके." मी इतकी मोठ्यानं हसले की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. ती माझी मयूरी. अजून ती जिना धाडधाड उतरते, आणि लोक म्हणतात पोरीच्या जातीला शोभत नाही. मी म्हणते, वाजव बाई, वाजव.

मग यात कबूल करण्यासारखं काय आहे? — तेच तर.

आमचं घर कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्यालगत. शेतं गेली, तिथं गाळे झाले, गाळ्यांत कापडाचे लूम आले. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. सासूबाईंनी माझ्यासाठी नवसाचे अकरा मंगळवार बोलले होते. अकलोलीला जायचं, गंधकाच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायची, नेसलेली साडी तिथं वाळवायची नाही, तशीच ओली घरी आणायची. ती मागच्या दोरीवर सासूनं वाळत घालायची. त्यांच्या सासूनंही त्यांची घातली होती.

मी एकच मंगळवार अकलोलीला गेले. उरलेले सगळे कल्याणला, डॉक्टरीणबाईंकडे. अकलोली भिवंडीच्या पलीकडे, कल्याण अगदी उलट. सासूबाई ओटीवर बसून बघत असायच्या, म्हणून मी भिवंडीच्या रिक्षात बसायची, पुढच्या नाक्यावर उतरायची, आणि कल्याणच्या बसमधून तोंडावर पदर घेऊन आपल्याच घरावरून परत जायची. येताना नवऱ्याच्या गाळ्यातल्या नळाखाली साडी भिजवायची. लूमच्या खडखडाटात कोण विचारतंय? घरी सासूबाई त्या साडीला नाक लावायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "गंधकाचा वास कसा येतंय बघ." नळाच्या पाण्याला! मी मान हलवायची. आता सोनोग्राफीला लागणारा पाळीचा बारावा दिवस मंगळवारीच थोडा येतो? मग गुरुवारचंही बोलले आहे, अशी आणखी एक थाप मारली.

नवरा म्हणाला होता, "आईला सांगून टाकू. ती काय खानार हाय का तुला?" खाणार नव्हती. सासूबाई तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. तेव्हा त्यांच्या धाकानं लपवलं, असं मी म्हणू शकत नाही. मला बिनखोट सून व्हायचं होतं. गाठी असलेली नाही — देव पावलेली.

आणि झाले की! मुलगी झाली तरी सासूबाईंनी गावभर पेढे वाटले. "पानी लागला गो माझे सुनेला," म्हणत घरोघर फिरल्या. शेलार गावाहून, कुठून कुठून बायका मला विचारायला यायच्या. पहिलं कुठलं कुंड, किती वेळ बसायचं — मी छातीठोकपणे सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं.

मयूरी दोन वर्षांची असताना रंजू, माझी धाकटी जाऊ, घरात आली. वर्ष गेलं, दीड गेलं. तिचीही पाळी लांबायची. ती दार लोटून घेऊन हनुवटीवरचे केस चिमट्यानं उपटताना मला आरशात दिसली, आणि मी काय समजायचं ते समजले — हिलाही माझंच दुखणं. तिनं विचारलं, "ताई, तुमी किती मंगळवार केलं?" मी म्हटलं, अकरा. तिनं अकरा केले. मग एकवीस. मग मोजायचं सोडलं. ती खरंच जायची हो. सासूबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून तिची साडी मी वाळत घालायची. त्या साडीला खरा गंधकाचा वास यायचा. आणि माझी कल्याणची फाइल आत कोठीत, तांदळाच्या पिंपाखाली होती.

तीन वर्षं. मग एका सकाळी ती भांडी घासता घासता पोट धरून मोरीतच बसली. भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. मोसंबीएवढी गाठ, तिला पीळ पडलेला. एका बाजूचं अंडाशय काढावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठं दाखवलं नाही का? रंजू म्हणाली, "मंगळवार करत होतो." मी बाजूलाच उभी होते, तिची पिशवी धरून.

पण रंजूही जिंकली. उरलेल्या एकाच बाजूवर, तशाच गोळ्या खाऊन, दोन वर्षांत. डोहाळजेवणाला ती हिरवी साडी नेसून पाटावर बसली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी पयली ओटी ताई भरतील. त्यांनीच मला मंगळवारांची वाट दाखवली." मी भरली. तांदूळ, नारळ, खण. बायका कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या आणि मी — मी हसत होते. तिचा मुलगा आता मयूरीच्या मागोमाग तोच जिना धाडधाड उतरतो. दोघांचा आवाज ऐकला की माझा ऊर भरून येतो, हेही खरंच आहे.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मग ते पुन्हा अर्धंच झालं असतं.

ऑपरेशनच्या महिनाभर आधी रंजू दोरीपाशी आली होती. मी तिचीच साडी पिळत होते. पोटात दुखतं म्हणाली. मग म्हणाली, "ताई, तुमाला पावला, मला का न्हाय पावत?"

मी म्हटलं, "तू मनापासून करत नसशील."