पावती फाडण्याआधीचं मत

माझे सासरे चष्म्याच्या दुकानात फ्रेमांच्या काउंटरवर उभे असत. एकतीस वर्षं एकच काउंटर आणि शेजारी एकच उंच स्टूल. त्या स्टुलावर बसलेलं मात्र त्यांना कुणी पाहिलं नाही. स्टूल गिऱ्हाइकासाठी असतं म्हणे. मी त्यांचा जावई, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द वाकडे बोलायचा मला हक्क आहे आणि तो मी बजावणार आहे.

गिऱ्हाईक फ्रेम चढवून आरशात बघायचं आणि विचारायचं, "कशी दिसते?" जगातल्या सगळ्या दुकानदारांकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. सासऱ्यांकडे दोन होती. पावती फाडायच्या आधी विचारलंत तर, "काढा ती. घुबडासारखे दिसताय." आणि पावती फाडल्यावर त्याच फ्रेमकडे बघून, "वा! काय रुबाब आलाय चेहऱ्याला!" मालक गल्ल्यावर बसून कपाळावर हात मारून घ्यायचा.

आता हा नुसता विक्षिप्तपणा असता तर मी सोडून दिला असता. पण त्याला धर्माचा आधार होता. आम्ही ज्यू. आमच्या जुन्या रब्बींना, म्हणजे धर्मपंडितांना, वाद घालायला निमित्त पुरे. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्यात जुंपली, की लग्नात नवरीची वाखाणणी करायची ती कशी? एक पक्ष म्हणाला, असेल तशी सांगा. दुसरा म्हणाला, प्रत्येक नवरी सुंदर आणि गुणी. पहिले चिडले, "आणि लंगडी असली तर? खोटं बोलू नका असं लिहिलंय ना?" त्यावर दुसऱ्यांनी विचारलं, "एखाद्यानं बाजारातून सुमार वस्तू आणली, तर त्याच्या तोंडावर तिची स्तुती कराल की तिला नावं ठेवाल?" पहिले गप्प झाले की नाही ते मला ठाऊक नाही, पण सासऱ्यांनी हा निकाल उचलून थेट काउंटरवर आणला. घेऊन झालेल्या वस्तूला नावं ठेवली तर माणूस रोज आरशासमोर झुरणार. आणि घ्यायच्या आधी गोड बोललं तर ते गळा कापणं झालं.

हे सगळ्या रस्त्याला पाठ होतं. खरं ऐकायचं असलं की लोक पाकीट खिशात घट्ट धरून उभे राहत. शेजारच्या बेकरीवाल्या बाई मात्र आधी पैसे भरत, पावती हातात घेत आणि मग मान वेळावून विचारत, "हं, आता सांगा, कशी दिसतेय?"

त्यांचा दुसरा नियम असा, की घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये. समोरच्याच्या मनात उगाच आशा लावायची आणि निघून जायचं, ही सुद्धा फसवणूकच. हेही रब्बींचंच. या नियमावरून ते हळवे व्हायचे.

आणि मी नेमका तोच मोडला होता.

झालं असं, की आमचं लग्न आम्ही दोघांनी परस्पर ठरवलं होतं आणि हिच्या घरी सांगायचं होतं. त्याआधी होणारे सासरे कसे आहेत ते गुपचूप बघावं म्हणून मी दुकानात गेलो. माझ्या डोळ्यांना नंबर नाही. तरी अकरा फ्रेमा काढायला लावल्या, प्रत्येकीचा भाव विचारला, अर्धा तास खाल्ला आणि "बघतो" म्हणून सटकलो. हिला यातलं अक्षर सांगितलं नाही.

महिन्याभरानं हिच्या घरी गेलो. दार सासऱ्यांनीच उघडलं. एकतीस वर्षं माणसांचे चेहरे मोजलेला माणूस! त्यांची नजर माझ्या नाकाच्या दांडीवर एक क्षण थांबली. ओळखलं होतं. पण म्हणाले फक्त, "या, बसा."

बसलो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. हिनं एका दमात सांगून टाकलं आणि विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठरलंय की ठरायचंय?"

हिचा चेहरा उतरला. साधी छत्री घेतानासुद्धा बाबांचं मत विचारणारी मुलगी ही. पण बापाशी खोटं कसं बोलणार? "ठरलंय," ती म्हणाली.

"मग उत्तम!" सासरे म्हणाले. "देखणा, हुशार, लाखात एक."

आणि ही रडायलाच लागली. "हे पावती फाडल्यानंतरचं आहे! काल बेकरीवाल्या मावशींना असंच म्हणालात! मला खरं हवंय, बाबा. नाहीतर मला जन्मभर कळणारच नाही."

सासरे हतबल होऊन माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याच नियमानं त्यांचं तोंड शिवलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. लाखात एक म्हणून मिरवलोही असतो. पण ही रडत होती, आणि तिला हवं होतं ते त्या खोलीत फक्त मीच देऊ शकत होतो.

"यांचं माझ्याबद्दल पावतीआधीचं मत आहे," मी म्हणालो. "मी दुकानात गेलो होतो. अकरा फ्रेमा बघितल्या. नंबर नसताना."

हिचं रडं थांबलं. "अकरा फ्रेमावाला तू?"

म्हणजे माझी कीर्ती घरी पोचलेली होती. माझे कान तापले. माणसाचा अपराध केला तर माणसाचीच माफी मागावी लागते, देव मध्ये पडत नाही, एवढा धर्म मलाही येतो. "काका, चुकलो. माफ करा."

"केलं," सासरे म्हणाले.

"पण त्या दिवशी काय म्हणाले होते हे?" मी चाचरत विचारलं.

हिनं नाक पुसलं. "म्हणाले, आज एक पक्का लबाड आला होता. घ्यायचं काही नव्हतं, वेळ खाल्ला. पण जाताना अकराच्या अकरा फ्रेमा पुसून, जिथल्या तिथे ठेवून गेला. एकतीस वर्षांत असं कुणी केलं नाही."

मी ते केल्याचं मला आठवतही नव्हतं. ही मात्र एकदम हसली. लाखात एक ऐकून रडणारी मुलगी लबाड ऐकून हसली!

"चला, तुझं बरं आहे," सासूबाई मला म्हणाल्या. "मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा हे म्हणाले, बाई, तुमचं नाक मोठं आहे, ही फ्रेम बसणार नाही."

"अहो, काहीतरीच काय!" सासरे कळवळले.

"मग तुम्ही लग्न का केलंत?" मी विचारलं.

"पुढं म्हणाले, पण डोळे फार सुंदर आहेत. आता नाकाचं खरं सांगणारा माणूस डोळ्यांचं खोटं कशाला सांगेल?" आणि त्या ताटं वाढायला आत गेल्या.