पान धरणारा हात

माझी यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते. बाहेरून लावली की येणारा-जाणारा वाचतो आणि सल्ले देतो. त्या सोमवारच्या यादीत दळण, गॅसचा नंबर लावणे, मिरच्यांना ऊन देणे आणि सगळ्यात शेवटी ‘यांचा फोन रिकामा करणे’ असं होतं. यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. फोन इतका गच्च झाला होता की मंचरहून थोरल्या लेकीने पाठवलेला नातीचा व्हिडिओसुद्धा उघडेना.

फोनात होती नुसती पानं. पिंपळवंडीला आमचे टोमॅटो असतात. पानावर करप्याचा डाग पडला किंवा अळीने पांढऱ्या रेघोट्या ओढल्या, की हे फोटो काढून ओतूरला शेतीच्या औषधांच्या दुकानात पाठवतात. दुकानदार फोटो बघून काय फवारायचं ते सांगतो. अशी चार वर्षांची पानं साठली होती. ज्या झाडांची ती पानं, ती झाडं कधीच उपटून बांधावर वाळून गेली होती. मी या हंगामातली पंधरा दिवसांची ठेवली, बाकी पुसली. पाठवलेल्या फोटोंचा वेगळा ढीग सापडला, तोही पुसला. फोनमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मी काम अर्धवट ठेवत नाही. यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा न पिताच फोन घेऊन दारात उभे.

“यातली पानं कुठं गेली?”

“पुसली. गेल्या वर्षीचा करपा जपून काय करायचाय?”

रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. रागावले नाहीत.

“त्यात तुझा हात व्हता,” एवढंच म्हणाले आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.

मी उरलेले फोटो उघडले. प्रत्येक पानाखाली माझा हात होता. असणारच. पान धरायला मीच जाते. सकाळी “अगं, ये जरा” अशी हाक आली की हातातलं टाकून जायचं. मग सूचना सुरू. “उनाकडं फिरव. मागनं ऊन येऊ दे, म्हंजे शिरा दिसतील. अंगठा खाली. हलू नको.” मी म्हणायची, “अहो, गॅसवर दूध ठेवलंय, उरका.”

या माणसाने लग्नाच्या वाढदिवसालाही कधी माझा फोटो काढला नाही. नाणेघाटाच्या रस्त्याला गाड्या थांबवून धुक्याचे फोटो काढणारे दिसले की हे विचारतात, “त्यात दिसणार काय?” आणि मी आजवर समजत होते, माझा हात म्हणजे पानाचा टेकू.

दळण राहू दिलं आणि नवी यादी करायला घेतली : हे फोटो आणखी कुणाकडे असतील? एकच ओळ भरली. ओतूरची एसटी पकडली.

दुकानदार माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्याला सगळं सांगितलं.

“काकू, मीपण दर महिन्याला फोन साफ करतो,” तो म्हणाला. “करावाच लागतो. लोकांच्या फोटोत पान कुठं आन् बूट कुठं, कळत न्हाई. पण काकांचे ठेवलेत. नव्या गिऱ्हाइकाला दाखवतो, रोग वळखायचा तर असा फोटो पायजे म्हणून.”

बाकावर खताची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले एक शेतकरी पाहुणे उठून माझ्या हाताकडे बघायला लागले.

“म्हंजे तो हात तुमचा व्हय? आवो, मी त्या अंगठ्याला तीन वर्षं वळखतो!”

“मग रामराम घाला की राव,” दुकानदार म्हणाला.

मी हात पदराखाली घेतला, मग हसू आलं आणि बाहेर काढला.

तो मागचे फोटो दाखवत गेला. भाकरी थापता थापता मी उठून गेले होते, तो पीठ लागलेला हात. धाकटीच्या लग्नातली मेंदी, आणि मेंदीच्या नक्षीवर अळीची नक्षी. विळा लागला होता तेव्हाची अंगठ्याची चिंधी. हिरव्या बांगड्या, मग त्यातल्या दोन फुटून कमी झालेल्या. आणि मध्येच महिनाभर पानं दगडाखाली दाबलेली, फोटो पुसट, एकात तर यांची स्वतःचीच सावली पानावर.

“इथं काय बिघडलं व्हतं काकांचं?”

“मी थोरलीच्या बाळंतपणाला मंचरला होते.”

पाहुणे म्हणाले, “दगडाला काय जमतंय!”

कला वगैरेला माझ्या यादीत कधी जागा नसते. पण तिथे काउंटरला टेकून उभी असताना एवढं कळलं, की हा माणूस इतकी वर्षं सकाळी ऊन कुठून येतंय ते बघत होता, आणि मी दुधाकडे.

पहिल्या हंगामातले काही फोटो त्यानेही पुसले होते, ते गेले ते गेलेच. बाकीचे त्याने माझ्या फोनवर पाठवले. घरी आल्यावर मी फोन यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर ढकलून हे ओट्यावर बसून एकेक फोटो बघत गेले.

“ह्यात हललीस बघ.”

“दूध होतं गॅसवर.”

“दर बारीला दूधच व्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. गेले. यांनी दाखवलेलं पान धरलं. हिरवंगार. डाग नाही, रेघ नाही.

“काय झालंय याला?”

“कायबी न्हाई.”

“मग फोटो कुणाला पाठवायचा?”

“कुणालाच न्हाई. अंगठा खाली घे.”

गॅसवर दूध होतं. मी हात उनाकडे फिरवला.