तुमच्यासाठी बेस मॉडेल

"मावशे, उतर तिथून. सीट खराब होते ना."

माझी माय शोरूममधल्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. हात मांडीवर. पाय जवळ घेतलेले. चपला तिनं गाडीच्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, विहाराबाहेर काढतो तशा. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या तिनंच काढल्या.

बोलणारा शोरूमचा मालक. काचेच्या केबिनमधून उठून बाहेर आला होता. त्यानं मायकडे नीट पाहिलं. ओळख पटली तसा हसला.

"अरे, ही तर आपल्या जिनिंगवर झाडाले होती! हिले कोन बसवलं आत?"

शोरूममध्ये बरीच गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी ऐकलं. काहींनी मान वळवून पाहिलं, काहींनी न ऐकल्यासारखं केलं. माय उतरली. उतरता उतरता तिनं पदरानं सीट पुसली. मग वाकून चपला शोधायला लागली.

आणि मी? मी बाजूला उभी. हातात पर्स.  

मी आष्टीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. राहते पवनारला. सकाळी वर्ध्याला यायचं, तिथून आष्टीची एसटी. कधी बसायला जागा मिळते, कधी तळेगावपर्यंत उभं. वर्षानुवर्षं हेच केलं. या उन्हाळ्यात ठरवलं, आता गाडी घ्यायची. नवरा म्हणाला, "हायब्रिड घे. रोजची लांब धाव आहे, पेट्रोल वाचेल. बॅटरीवरची घेतली तर आष्टीत चार्जिंग कुठं करशील?" पटलं. गाडी ठरली. प्रश्न उरला मॉडेलचा. बेस, मधलं की टॉप.

तुम्हाला हा प्रश्न साधा वाटेल. आमच्या घरी तो साधा नव्हता. आम्ही बौद्ध. गावात आमच्या मोहल्ल्याला एक वेगळं नाव होतं. ते मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात पहिली सायकल आली तेव्हा बापानं ती गावातून हातात धरून आणली होती. बसून आणली नाही. तर टॉप मॉडेल म्हटलं की माझ्याच मनात यायचं, लोकं काय म्हणतील. जास्त झालं म्हणतील. मी मनातल्या मनात बेसवर यायची. मग मायची पाठ आठवायची आणि पुन्हा टॉपवर जायची.

मायनं तरुणपणी सगळा काळ जिनिंगवर, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात काढला. कापसाची धूळ, सरकी, तुटकी बोंडं, सगळं झाडायचं. वाकून. खराटा आखूड, म्हणून आणखी वाकून. आता पाठ सरळ होत नाही. दवाखान्यात न्यायचं तर ऑटोत प्रत्येक खड्ड्याला कण्हते. टॉप मॉडेलमध्ये पुढची सीट बटणानं वरखाली होते. पाठीला टेका देते. सीटच्या आतून थंड हवा येते. वर्ध्याच्या मे महिन्यात ही काय गोष्ट आहे, ते इथल्या माणसालाच कळेल. म्हणून मी मायला सोबत नेलं. तिनं बसून पाहावं, तिच्या पाठीला जे बरं वाटेल ते घ्यावं.

पण शोरूमचा पोरगा आम्हाला थेट बेसजवळ घेऊन गेला. बोलायला गोड होता.

"मॅडम, इंजिन तेच, बॅटरी तीच. तुमच्यासाठी बेस एकदम परफेक्ट."

"टॉपची सीट बघायची आहे," मी म्हटलं.

"बघू ना मॅडम. पण तुमचा वापर बघता बेसच बरं."

माझा वापर त्यानं विचारलाच नव्हता. मी पुन्हा टॉपचं विचारलं, त्यानं पुन्हा बेसचं दार उघडून दाखवलं. तिकडे एक डॉक्टर कुटुंब टॉप मॉडेल बघत होतं. त्यांचं पोर बुटांसकट मागच्या सीटवर उभं राहून वरच्या काचेतून डोकं काढत होतं. दुसरा सेल्समन त्याचा फोटो काढून देत होता. ते लोक बाजूला झाले तेव्हा मीच मायला म्हटलं, "जा, बस." ती बसली. मी बटण दाबलं. थंड हवा लागली तशी ती लहान पोरीसारखी हसली.

"अगं बाई! खालून हवा येऊन राह्यली!"

तेवढ्यात मालक बाहेर आला. पुढचं सांगितलंच.

नंतर त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. मला. मायला नाही. तिला पोरानं दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. मी तेव्हाच उठून निघायला हवं होतं. पण हा माणूस आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा संचालक. स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसतो. मी त्याच्या हातून एकदा शाल आणि नारळ घेतलेला. मी खुर्चीवर बसले.

"तुमच्या लोकाईची प्रगती पाहून बरं वाटते, मॅडम," तो म्हणाला. "खरंच. पन एक आपला मानूस म्हनून सांगतो. बेस घ्या. टॉपमधलं सारं नाजूक राह्यते. त्याले सवय लागते. पिढ्यांची सवय."

त्यानं बुकिंगचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"आन् कॉलेजात कसं दिसन? प्राचार्याजवळ जुनी गाडी, आन् तुम्ही टॉप मॉडेल घेऊन उतरून राह्यल्या. बरं दिसत नाई."

मी म्हणाले, "हो."

एवढंच. हो. बेस मॉडेल बुक करून बाहेर आले. माय दाराशी उभी राहून वाट पाहत होती. मालक मागून ओरडला, "मावशे, पेढे पाठवजो!" माय हसून मान हलवत राहिली. बाहेरच्या उन्हात आल्यावरही हलवत राहिली.

घरी जायला ऑटोत बसलो. मला सारखं एक आठवत होतं. मी दुसरी-तिसरीत असेन. शाळेला सुट्टी, म्हणून मायसोबत जिनिंगवर गेले होते. सावलीला एक जीप उभी होती. मी तिच्यात चढून बसले. स्टेअरिंग धरलं, तोंडानं आवाज काढला. हाच माणूस तेव्हा ऐन विशीतला. त्यानं मला मारलं नाही. शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "जिथं बसली ते पूस." माझ्याजवळ फडकं नव्हतं. मी फ्रॉकनं पुसलं. माय खराटा धरून उभी होती. म्हणाली, "पूस बाई, लवकर पूस." मला त्या वेळी राग त्याचा आला नव्हता. मायचा आला होता. ती काहीच का बोलली नाही म्हणून.

संध्याकाळी मी तिच्या पाठीला तेल लावत होते. न राहवून विचारलं.

"माय, तुले बरं वाटून राह्यलं होतं ना त्या सीटवर?"

"लय बरं. पाठ कशी टेकली होती."

"मंग त्यानं म्हटल्याबरोबर उतरली काऊन? तू आता काई त्याच्याकडे कामाले नाईस."

  ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,

"त्यानं म्हटलं म्हनून नाई उतरली मी. तुह्या तोंडाकडे पाह्यलं. तुले माही लाज वाटून राह्यली होती. म्हनून उतरली."

तेलाचा हात तसाच राहिला.

मी म्हणू शकले असते, तसं नव्हतं गं. पण तसंच होतं. त्यानं 'झाडाले होती' म्हटलं, तेव्हा मी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं होतं. कोणी ओळखीचं आहे का. मायकडे नंतर पाहिलं. एम.ए., बी.एड. झालेली मी. वर्गात पोरांना मान वर करून बोला म्हणून सांगणारी मी. मला शाल देणाऱ्या माणसासमोर माझी मान कधी खाली गेली, ते मलाच कळलं नव्हतं. मायजवळ तेव्हा खराटा होता आणि संध्याकाळच्या भाकरीची काळजी होती. माझ्याजवळ काय नव्हतं? मी का पुसत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तयार झाले. मायला म्हटलं, "चाल."

"कुठी?"

"शोरूमले."

"नको बाई. नोकरीचं पाह्य."

"तू फक्त संग चाल. बोलनार मी आहो."

मालक केबिनबाहेरच उभा होता, कोण्या गिऱ्हाइकाला निरोप देत. मी नमस्कार केला नाही.  पहिल्या वाक्याला आवाज फाटला, हे कबूल करते.

"माझं बुकिंग रद्द करा."

"काऊन? काय झालं मॅडम?"

"काल तुम्ही माझ्या आईला गाडीतून उतरवलं. सीट खराब होते म्हणाले. त्याच गाडीत एक मुलगा बूट घालून उभा होता. त्याला काही म्हटलं नाही. का?"

 कालचा गोड पोरगा खाली बघायला लागला.

मालक हसला. "अव्वा! मनाले लावून घेतलं काय? मजाक केली मी. जुनी ओळख आहे आमची. हो ना गं मावशे?"

 मायनं या वेळी मान हलवली नाही.

"बरं, जाऊ द्या," तो म्हणाला. "तुम्ही टॉप घ्या. सीट कव्हर माह्याकडून फ्री."

"मला कव्हर नको. माझ्या आईची माफी मागा. इथं, काल बोलले तिथंच उभं राहून."

त्याचं हसू गेलं. आवाज खाली आला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा राहिला.

"आता मी झाडनाऱ्या बाईची माफी मागू?"

हे त्याचं वाक्य. मी त्यात एक शब्द घातला नाही, एक काढला नाही.

मी म्हटलं, "हो. तिचीच."

"मॅडम, नोकरी कुठी करता, जरासं ध्यानात ठेवा."

"ध्यानात आहे. म्हणूनच सगळ्यांसमोर बोलते आहे."

त्यानं माफी मागितली नाही. आम्ही बुकिंग रद्द करून घेतलं आणि बाहेर पडलो.  माय पुढं पुढं चालत होती. मला तिला गाठावं लागलं.

गाडी आम्ही नागपूरहून घेतली. टॉप मॉडेल. घेताना तिथल्या पोरानं विचारलं, "मॅडम, बेस पण बघायचं का?" मी म्हटलं, नाही.

गोष्ट इथं संपली असं कोणाला वाटेल. संपली नाही. सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, शेठ फार दुखावले आहेत. एक दिलगिरी लिहून देऊन टाका. विषय संपेल."

"कशाची दिलगिरी, सर?"

"आवाज चढवल्याची."

"आणि ते जे बोलले त्याचं?"

"त्यांचं वय बघा. त्यांच्या मनात काही नसतं हो."

मी नाही म्हटलं. त्यानंतर माझे तास शेवटी गेले. सहलीची जबाबदारी काढून घेतली. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं पावसापाण्यावर येतं. एक सहकारी, आमच्यातलाच, पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "ताई, एवढी महाग गाडी अन् वरून शेठसोबत भांडण. आपल्यावर साऱ्याईचा डोळा येते ना. जमवून घ्या." त्याचा राग नाही आला. त्याच्या जागी मी परवापर्यंत उभी होते.

आता संस्थेच्या बैठकीत मला बोलावलं आहे. शेठ समोर बसणार. बाकीचे मला समजावणार, मोठ्या मनाची हो म्हणणार. नवरा काळजीत आहे. माय काळजीत आहे, पण काल स्वतःहून म्हणाली, "मी येतो तुह्यासंगं. बाहेर थांबवलं तरी चालन, पन येतो."

मी तिला सांगितलं, बाहेर थांबायचं नाही.

मी तिथं दिलगिरी लिहून देणार नाही. त्याचं ते वाक्य मी त्याच्या तोंडावर जसंच्या तसं म्हणणार आहे, आणि विचारणार आहे, हे तुमचंच का. नोकरी गेली तर जाईल. कोर्टात जावं लागलं तर जाईन. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. त्यानं उभं राहायचं. माझ्या मायला मावशे म्हणायचं नाही, गं म्हणायचं नाही. तिचं पूर्ण नाव घ्यायचं, तिला 'तुम्ही' म्हणायचं, आणि माफी मागायची.

याच्यापेक्षा कमी काही मी घेणार नाही.