अल्लीपूरचा बिनडोक टीव्ही

टीव्हीच्या दुकानात नोकरी केली की पगारापेक्षा किस्सेच जास्त जमतात. पगार महिनाअखेरीला संपतो, किस्से मात्र म्हातारपणापर्यंत पुरतात. चार जुने दोस्त भेटले की एकानं "तो अल्लीपूरचा सांग ना" म्हणायचा अवकाश, मी सुरू. बायको म्हणते, दरवेळी थोडा वाढवून सांगता. वाढवत नाही हो, विसरलेलं आठवत जातं.

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर बाबारावभाऊंचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून चित्रं यायला लागून फार दिवस झाले नव्हते. देवराव मिस्त्री दुरुस्ती करायचा, बाबारावभाऊ काळजी करायचे आणि मी इंग्रजी बोलायचो. मी बी.कॉम. झालेला, तेव्हा मुंबईच्या कंपनीशी बोलायला हा पोरगा चालेल, असा भाऊंचा समज होता. कंपनीचं नाव सांगत नाही. बिचारी बुडाली, आता कशाला?

\*

भाऊंची एकुलती एक लेक शोभा. तिला अल्लीपूरला दिली. सासरे गुलाबराव, चांगली कपाशीची शेती, माणूस दिलदार, पण जीभ अशी की नुसती मिरची. भाऊंनी हौसेनं लेकीला आंदण म्हणून टीव्ही दिला. कोणी मागितला नव्हता. स्वतःचंच दुकान असताना लेकीच्या घरी टीव्ही नाही, हे भाऊंनाच बरं वाटेना.

आम्ही तिघं सेट घेऊन अल्लीपूरला गेलो. बांबूवर अँटेना चढवली, अंगणात सतरंज्या टाकल्या, अर्धं गाव येऊन बसलं. बातम्या लागल्या. चित्र असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्याच्या सदऱ्याचं बटण न् बटण दिसावं. टाय दिसला, हनुवटी दिसली, ओठ हलताना दिसले. त्याच्यावर काही नाही! नाकापासून वरचा सगळा माणूस पडद्याच्या बाहेर गेला होता आणि खाली चार बोटं काळी पट्टी रिकामी पडली होती.

देवरावनं मागची सगळी बटणं फिरवून पाहिली. चित्र जाड झालं, बारीक झालं, खाली मात्र येईना.

गुलाबराव आपल्या व्याह्यांना शांतपणे म्हणाले, "इवाईबुवा, पोरगी पुरी देल्ली, मंग टीवी अर्धा काऊन देल्ला?"

अख्खं अंगण हसलं. शोभासुद्धा हसली, असं देवराव म्हणतो. भाऊ मात्र न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत ते एवढंच बोलले, "आपल्याच दुकानातला माल, आपल्याच लेकीले, अन् तोच फसका. हे चित्र सरळ होत नाई तवरिक मी त्या घरचं पानी पेत नाई." आम्हाला वाटलं, रागात बोलले. पण भाऊ खरंच प्यायले नाहीत.

\*

कंपनीला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे सकाळी बुक करायचा आणि दुपारपर्यंत फोनजवळ बसायचं. लाइन लागली. मी आदल्या दिवशी पाठ केलेलं वाक्य टाकलं, "सर, पिक्चर इज गुड, बट हेड इज नॉट कमिंग."

तिकडून आवाज आला, "हेड टूर पे हैं. मंडे को आएँगे."

मी समजावायला लागलो, तेवढ्यात लाइन कटली. सोमवारी पुन्हा बुक केला. ह्या वेळी कोणीतरी जड आवाजाचे साहेब आले. म्हणाले, "बोलिए, क्या प्रॉब्लेम है?"

"सर, हेड नहीं है."

"मैं ही हेड हूँ."

यातून बाहेर यायला बराच वेळ गेला. शेवटी त्यांना कळलं की डोकं टीव्हीतल्या माणसाचं गेलं आहे. ते म्हणाले, "एरियल चेक कीजिए."

मी म्हटलं, "सर, चित्र एकदम क्लिअर आहे."

"क्लिअर है ना? फिर क्या प्रॉब्लेम है?" फोन ठेवला.

भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. मी म्हटलं, "एरियल पाहा म्हनते." त्यानंतर आम्ही कितीदा फोन केला, उत्तर तेच. दर फोननंतर भाऊ अल्लीपूरला निरोप धाडायचे, बांबू आणखी उंच करा. बांबू उंच होत होत कडुलिंबाच्या वर गेला. डोकं काही आलं नाही, कावळे मात्र येऊन बसायला लागले.

\*

एकदा कंपनीनं इंग्रजी माहितीपुस्तक पाठवलं. त्यात खूण केलेली होती, की प्रेक्षकांनी सेटपासून योग्य अंतरावर बसावं. योग्य म्हणजे किती, ते काही लिहिलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे मराठी करून निरोप पाठवला, "दूर बसून पाहा."

गुलाबरावांनी घरातल्या सगळ्यांना मागं सरकवलं. खोलीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात. आठ दिवसांनी त्यांचा निरोप वर्धा डेपोच्या कंडक्टरनं आणून दिला. कंडक्टरनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर तो खणखणीत आवाजात सांगितला, "गुलाबराव म्हनते, आमी आता गोठ्यातून पाहून राह्यलो. बैल सोडून द्याचे का, ते कंपनीले इचारून सांगजा."

भाऊ त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेले.

\*

अखेर कंपनीचा इंजिनिअर यायला कबूल झाला. टाय लावलेला, हातात ब्रीफकेस, नागपूरहून थेट अल्लीपूर. मी सोबतीला. भर दुपारी पोचलो. गुलाबरावांनी त्याला रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत खाऊ घातला, की माणूस टाय सैल करून भिंतीला टेकला. मग त्यानं सेट लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"पिक्चर कहाँ है?"

"पिक्चर संध्याकाळी लागते साहेब," गुलाबराव म्हणाले.

"और लास्ट बस?"

"ते पिक्चरच्या आंधी सुटते."

इंजिनिअरनं घड्याळ पाहिलं, मुंग्या पाहिल्या, पुन्हा घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "पिक्चर ही नहीं है, तो फॉल्ट कैसे दिखेगा? हमारे हिसाब से सेट ओके है." मी त्याला मुक्काम करायला खूप विनवलं. तो जाता जाता बांबूकडे पाहून एवढंच म्हणाला, "एरियल अच्छा है."

गुलाबराव मला म्हणाले, "बाप्पा, ह्या मानसाचं डोस्कं तरी हाये का?"

\*

गावानं मात्र त्या टीव्हीशी जुळवून घेतलं. मंत्री कोणता, हे पोटावरून ओळखू लागले. पैज लावायचे, "हा बोलून राह्यला तो टकला असन का केसाचा?" उत्तर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पैज कोणी हरत नसे, आणि भांडण दुसऱ्या दिवशी पारावर चालू राही. शेतीच्या कार्यक्रमात झाडाचा शेंडा दिसायचा नाही, बुंधा दिसायचा. गुलाबराव म्हणायचे, "बोंडअळी वर राह्यते, हे मले बुडूख दाखवून राह्यले."

एकदा देवरावला कल्पना सुचली. डोकं वर कापलं जातं ना? मग सेटच उलटा ठेवू, म्हणजे वरचं खाली येईल. गुलाबरावांनाही ते पटलं. उशा लावून टीव्ही उलटा ठेवला. आता माणसं शीर्षासनात बातम्या सांगू लागली, आणि डोकं तितकंच कापलेलं, फक्त खालून.

देवरावनं टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग म्हणाला, "पहा, निदान एक गोष्ट समजली. दोष टेबलाचा नाई."

\*

हे सगळं आम्ही हसत सांगतो, पण भाऊंची तेव्हाची अवस्था पाहवत नसे. ते अल्लीपूरला गेले की ओसरीवर बसायचे, शोभानं पुढं केलेला पाण्याचा गडवा हातानं बाजूला सारायचे, आणि तहानलेले परत यायचे. शोभा माहेरी आली की पहिला प्रश्न, "बोलते का कोनी तुले टीवीवरून?"

"नाई बाबा. मामंजी मजाक करतात, बस."

"अन् तुह्या सासूबाई?"

"आत्याबाई तर काहीच बोलत नाईत."

भाऊंना त्याचीच धास्ती होती. मजाक करणाऱ्याचं मन कळतं, गप्प राहणाऱ्याचं काय करायचं? विहीणबाई रोज संध्याकाळी दाराजवळ पाट घेऊन टीव्हीपुढं बसतात आणि चकार शब्द काढत नाहीत, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या एका शब्दासाठी माणूस झुरत होता. मला खरंच वाईट वाटायचं.

\*

शेवटी भाऊंनी सेट आर्वीला आणवला. देवरावनं तो उघडला, झाडला, पुसला, सगळी जोडणी तपासली, पुन्हा बंद केला. डोकं जिथल्या तिथं, म्हणजे नाहीच. भाऊ म्हणाले, "चाला, घेऊन जाऊ. दुकानात ठेवला तर अजून बोभाटा."

आम्ही सेट गोधडीत गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर, देवरावच्या मांडीवर ठेवला. वर्ध्याच्या पुढं एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की देवराव, गोधडी आणि टीव्ही तिघंही टपाला आपटून खाली आले. देवराव म्हणाला, "भाऊ, उरलंसुरलं बी गेलं." भाऊ खिडकीबाहेर पाहत होते.

अल्लीपूरला सेट लावला. कोणी नीट पाहतसुद्धा नव्हतं. बातम्या सुरू झाल्या आणि पडद्यावर अख्खा माणूस आला. कपाळ, भांग, भुवया, सगळा. बांबूवरचे कावळे उडावेत एवढा कल्ला झाला. श्रेय कंपनीचं नाही, देवरावचं नाही, त्या खड्ड्याचं होतं. गुलाबरावांनी उठून भाऊंना मिठी मारली. म्हणाले, "इवाईबुवा, जिंकले तुमी. आता मी काय बोलू, माहं तं कामच गेलं." शोभानं पाण्याचा गडवा आणला. भाऊ घटाघटा प्यायले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात दाराजवळच्या पाटावरून विहीणबाई उठल्या. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि सरळ आत निघून गेल्या.

भाऊंचा चेहरा उतरला. व्याह्याशी विहीणबाई थेट बोलायच्या नाहीत, तशी रीतच नव्हती. भाऊंनी शोभाला आत पाठवलं. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ओठ दाबून उभी राहिली.

"काय म्हनतात? सांग बरं. चूक झाली असन तर मी माफी मागतो."

"आत्याबाई म्हनतात," शोभा खाली पाहत म्हणाली, "त्या मानसाले डोये नव्हते तवा चांगलं होतं. मी डोस्क्यावरचा पदर पडला तरी आरामात बसत होती. आता हा परका मानूस सारखा माह्याच तोंडाकडं पाहून राह्यला. मी बसू कुठं? होता तसा करून द्या म्हनतात."

गुलाबरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "मंग द्या करून, इवाईबुवा. ह्या घरात तिचंच चालते."

भाऊंनी देवरावकडे पाहिलं. देवरावनं सेट फिरवून मागची बाजू पाहिली, पुन्हा सरळ केला आणि हात जोडले. "भाऊ, मले तो बिघाड कवाच सापडला नाई. आता आनू कुठून?"

भाऊंनी रिकामा गडवा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाऊन कंपनीले फोन लाव. ते काम त्यायलेच जमते."