तांबडीची दोरी

आमच्या घरात वाटणी सरळ होती: शेळ्या जाऊबाईंच्या आणि तोंड माझं. माझ्या थोरल्या जाऊबाई दिवसभरात मोजकं बोलत, तेही जास्त करून शेळ्यांशी. मी मात्र लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या या गावात आले, त्या दिवसापासून मला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नाही.

हिवरे बाजारचं बघून आमच्या गावानंही डोंगरावर चर खणले, रोपं लावली आणि चराईबंदी करायचं मनावर घेतलं. ती ग्रामसभा मला लख्ख आठवते. गाई बांधून राहतात, पण शेळी कोंब दिसला की ओरबाडणारच, तेव्हा सगळ्यांनी शेळ्या विकून टाकाव्यात, असा सूर लागला. जाऊबाईंना स्वतःचं म्हणावं असं त्या शेळ्यांशिवाय काही नव्हतं. जमीन आमच्या नवऱ्यांच्या, दोघा भावांच्या नावावर, कांदाही त्यांचाच. शेळ्यांचं दूध तेवढं जाऊबाई स्वतः काढत, फाट्यावरच्या चहावाल्याला घालत आणि गावात एखादं तान्हं लेकरू आजारी असलं की त्याच्या घरी पोचवत. त्या दुधावर त्यांची मान ताठ होती.

डोक्यावरचा पदर सारखा करत त्या उठल्या. "मी शेळ्या इकनार न्हाई. दावनीला बांधून पोशीन. ज्या शेळीचं तोंड डोंगराला लागंल, ती मी सोता बाजारात नेईन."

आमचे चुलत दीर मोठ्यानं हसले. "शेळी अन् दावनीला? वैनी, मग मांजर बी औताला जुपा की!"

"आदी भावजींनाच बांधायला पायजे," मी मागून म्हटलं. सभा हसली. पण शब्द दिला गेला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. त्या आठवड्यात गावातल्या बाकीच्या शेळ्या टेम्पोत चढल्या. चुलत दिरांच्याही गेल्या.

बांधलेली शेळी काय चीज असते, ते मग कळलं. दिवसभर ओरडा. समोर हिरवागार चारा टाकला तरी आधी त्याच्यावर उभ्या राहायच्या, वर लेंड्या टाकायच्या आणि तुडवलेल्याला मग तोंड लावायचं नाही. दूध आटत चाललं. "ह्या शेळ्या न्हाईत, माहेरवाशिनी हायत," मी म्हणायची. जाऊबाई शेळ्यांकडे बघत बसायच्या.

एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "डोंगराला खाताना ह्या खाली बघायच्या का वर?"

मी आयुष्यात कधी याचा विचार केला नव्हता. पण डोळ्यापुढे आलं ते बाभळीच्या बुंध्यावर पुढचे पाय टेकून, मान वर ताणून खाणारं शेळकूट. जाऊबाईंनी त्याच दुपारी गोठ्याच्या वाशांना दोऱ्या बांधल्या आणि सुबाभूळ, शेवरीच्या पेंड्या उलट्या टांगल्या, ज्या त्या शेळीच्या उंचीप्रमाणे. शेळ्या वर बघून ओढून ओढून खायला लागल्या. मला इतका आनंद झाला, की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग बाईंना थांबवणं अवघड झालं. गोठ्यात मुरूम टाकून जमीन उंच केली, म्हणजे खाली ओल राहू नये. कास कोमट पाण्यानं पुसल्याशिवाय धार काढायच्या नाहीत. बोकडामुळे दुधाला वास लागतो म्हणून बोकड लांब लिंबाखाली नेऊन बांधला. तो लिंब नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. दुधाचा वास गेला आणि माझ्या पिठल्याला आला. मी घर डोक्यावर घेतलं. जाऊबाईंनी शांतपणे शेळीच्या दुधाचा चहा करून माझ्या हातात दिला. प्यायले, आणि भांडण तिथंच संपलं. इतका गोड चहा मी गाईच्या दुधाचाही प्यायले नव्हते. चहावाला आणखी दूध मागायला लागला.

सगळ्या शेळ्यांत तांबडी उजवी. तिच्या धारेनं चरवी भरायची. ती मागच्या पायांवर अशी उभी राहायची की तिची दोरी सगळ्यांत उंच बांधावी लागे. जाऊबाईंचा तिच्यावर फार जीव. आणि डोकंही तिलाच जास्त. कांदा काढणीच्या एका दुपारी आम्ही सगळे रानात असताना तिनं दावं सोडवलं आणि ओठानं फाटकाची कडी काढली.

आम्हा दोघी जावांना ती डोंगरावर सापडली. चराच्या कडेला उभी राहून निवांत रवंथ करत होती. पायाशी तीन रोपांचे बुडखे. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"चला खाली," मी कुजबुजले. "सशानं खाल्लं म्हनू. कुनी बघितलं न्हाई."

"मी बघितलं की," जाऊबाई म्हणाल्या.

त्या तांबडीला घेऊन सरळ सरपंचांच्या दारात गेल्या. सरपंच म्हणाले, पुन्हा रोपं लावू, मिटलं. चुलत दीर तिथंच बसले होते. तेही म्हणाले, "वैनी, तीन रोपांपायी दुभती शेळी कुनी इकतं व्हय? आमी इसरलो समदं."

"तुमी इसराल," जाऊबाई म्हणाल्या. "पन उंद्या दुसऱ्याचं जनावर डोंगराला गेलं, तर त्याला कोन आडवनार? मग डोंगर बी जाईल अन् माझ्या ऱ्हायलेल्या शेळ्या बी जातील."

आठवडी बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेले. खाटकांना त्यांनी लांबूनच हात जोडले. शेवटी कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईला तांबडी दिली. दावं हातात देताना तिला म्हणाल्या, "खाली टाकलेलं खात न्हाई ती. टांगून घाल. वर बगून खाती."

परतीच्या टेम्पोत मी ढसाढसा रडले आणि रडता रडता त्यांच्यावरच ओरडले, "तुमी बाई हाय का दगूड?" अख्ख्या रस्त्यात मला त्यांचा राग येत होता आणि गाव दिसायला लागलं, तसं वाटलं, या बाईच्या घरात मी नांदते, हे माझं केवढं नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा चालू असताना चुलत दीर गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातात नवा दोर. बराच वेळ नुसते खाकरले.

"घरची म्हनती, दोन शेळ्या घ्याव्या. बांधूनच ठेवू," ते म्हणाले. "वैनी, ती पेंडी किती उंच टांगायची?"

मांजराला औताला जुंपायचं काय झालं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा मी आलेला शब्द गिळला.

त्या धार सोडून उठल्या. तांबडीची दोरी अजून वाशाला तशीच लोंबत होती. त्यांनी तिचं मोकळं टोक हातात धरलं.

"शेळी बगून टांगायची, भावजी," त्या म्हणाल्या. "चांगली आसंल, तर एवढी." आणि दोरी न सोडता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.