साँपर घराण्याचा मूळ पुरुष

ल्युजे साँपरला उभ्या जन्मात दोनच कामं जमली: सेंत-ओदीलच्या पोस्टात चौतीस वर्षं शिक्के मारणं आणि लोकांच्या घराण्यांतली खोट काढणं. पेन्शनीत निघाल्यावर पहिलं सुटलं, मग दुसऱ्याला नुसता ऊत आला.

त्याचा मूळ पुरुष म्हणे राजाच्या पलटणीतला सैनिक, इतिएन कुर्बोआ. समुद्रापलीकडच्या फ्रान्सहून इथल्या इरोक्वा आदिवासींशी लढायला आला आणि पलटण परत गेली तरी नदीकाठी जमीन घेऊन राहिला. कप्तानानं त्याला 'साँपर', म्हणजे निर्भय, असं नाव ठेवलं. तेच पुढं आडनाव झालं. हे पुराण ल्युजेनं खाटकाला ऐकवलं, न्हाव्याला ऐकवलं, बायकोच्या मयतीला आलेल्या पाद्र्यालासुद्धा सोडलं नाही. शेवटी छाती फुगवून म्हणायचा, "रक्त लागतं, रक्त." आणि हाच निर्भयाचा वंशज पोस्टात कुत्रं शिरलं की टेबलावर चढायचा!

त्याची मुलगी मारिएल हे सगळं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची. पण यंदा ते जमेना. जुलैतल्या एका रविवारी साँपर कुटुंबांचा मेळावा होता. दर वेळी प्रार्थना झाली की पोरं एकेक करून पुढं येत आणि सैनिकापासून स्वतःपर्यंत सगळी नावं म्हणून दाखवत. मारिएलची जुडलिन नऊ वर्षांची. दोन वर्षांची असताना तिला हैतीहून दत्तक आणलेली. महिनाभर भांडी पुसता पुसता ती अकरा पिढ्या घोकत होती, बारावं नाव स्वतःचं. आणि ल्युजेनं छापून घेतलेल्या वंशाच्या पुस्तकात तिचं नावच नव्हतं.

मारिएलनं तीनदा विचारलं होतं. पुस्तक वंशाचं आहे, घरात कोण कोण जेवतं त्याचं नव्हे, असं तो म्हणाला. तेही पोरीनंच वाढलेलं वाटाण्याचं सार भुरकत. लाज म्हणून काही असते, ती या माणसाच्या वाटणीला आलीच नव्हती.

शनिवारी सकाळी चर्चच्या सभागृहात दोनशे पुस्तकांची खोकी येऊन पडली. भिंतीवर लावायला गावचा जुना नकाशा हवा होता, म्हणून मारिएलनं बापानं सोबत आणलेली कागदांची पेटी उघडली. नकाशाखाली एका बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत होती, आणि तिला टाचलेली ल्युजेच्या हातची नक्कल: 'आईबाप अज्ञात असलेल्या बालकाचा आज बाप्तिस्मा केला. सैनिक इतिएन कुर्बोआ व त्याची पत्नी यांना मूलबाळ नसल्याने त्यांनी ते स्वतःचे म्हणून घेतले.' कोपऱ्यात तारखेचा शिक्का, अकरा वर्षांपूर्वीचा. कागद फाडून टाकावा एवढीही अक्कल त्याला नव्हती. पोस्टमास्तर कागद फाडत नाही. तारीख मारून जपून ठेवतो.

मारिएलनं तो कागद पुस्तकं मोजत बसलेल्या बापापुढं खोक्यावर ठेवला. ल्युजेनं आधी दाराकडं पाहिलं. मग त्या काळची गोष्ट निराळी होती, असं काहीबाही पुटपुटला. मग घाम पुसला. या माणसाला आपण इतकी वर्षं भीत होतो, याचीच तिला किळस आली.

"अकरा वर्षं माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली. "म्हणजे माझी पोर घरी आली त्याच्याही आधीपासून."

"लोकांना सांगू नकोस गं," तो म्हणाला. "हवं तर तिचं नाव हातानं लिहितो. पुढं कंसात दत्तक म्हणून..."

"लिहा ना. पण आधी पान एकवर लिहा, सैनिकाच्या एकुलत्या पोराच्या नावापुढं. मग तिच्या."

ल्युजे बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला. शेवटी त्यानं पहिलं पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावर 'जुडलिन साँपर' लिहिलं आणि पुढं काही न लिहिता पुस्तक मिटलं. मग दुसरं घेतलं.

एवढ्यात जुडलिन धावत आत आली. आजोबांना आपलं नाव लिहिताना पाहून ती हरखलीच. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि एकेक पुस्तक उघडून त्यांच्या हातात देऊ लागली.

"आजोबा, दमलात का?" तिनं विचारलं.

ल्युजेनं तिच्या हातून पुढचं पुस्तक घेतलं. मारिएलनं कागदाची घडी घालून आपल्या खिशात ठेवली आणि पुढचं खोकं उघडून दिलं.